पांढऱ्या पेशी कशाला असतात

मी बी.एस्सी. झाले ती दाजींमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल की ही बाई केलेलं विसरली. मी काहीच विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर मी वेळेवर तोंड उघडलं असतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. परतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव. तिथे त्यांची चांगली काळी जमीन, विहीर, दोन बैलजोड्या. एक्याऐंशी साली आमचे वडील गेले तेव्हा मी बारावीला होते. त्याच साली आमचा परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात आला, आणि त्याच साली चुलत्यांनी माझ्यासाठी स्थळ बघितलं. दाजी यष्टीनं आले, ओसरीवर बसले आणि चुलत्यांना म्हणाले, "पोरगी शिकून राह्यली तर शिकू द्या. तिचं काय असंल ते मी बघतो." औरंगाबादला कॉलेजच्या अर्जासाठी ते माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. पुढे मला परतूरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं. मोडायची कारणं इथे सांगत बसत नाही. सासरहून माझी पेटी उचलायलाही दाजीच आले होते. वाटेत त्यांनी एक शब्द विचारला नाही. परतूरला खोलीचं कुलूप उघडल्यावर एवढंच म्हणाले, "सकाळपासून जेवली न्हाईस ना? चल, आधी खाऊन घेऊ."

असा हा माणूस. त्यांच्यापुढे मी कधी वर मान करून बोलले नाही.

आक्काची एकुलती एक मुलगी सातवी झाली तशी माझ्याकडे परतूरला राहायला आली. गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. नववीत ती माझ्याच वर्गात होती. नववीला शरीराच्या संरक्षणाचा धडा असे. मी फळ्यावर लाल खडूनं रक्तवाहिनी काढायची, पांढऱ्या खडूनं गोल पेशी काढायची आणि दरवर्षी तेच वाक्य सांगायची, "पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे सैनिक." मुलींना ते आवडायचं. माझ्या भाचीनं तो धडा शनिवारी गावी जाऊन आईला जसाच्या तसा म्हणून दाखवला. आक्का चौथीपर्यंत शिकलेली. पोरीच्या तोंडून असलं काही ऐकायला तिला फार बरं वाटायचं. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा ती मला म्हणाली, "आपल्या अंगात मिल्ट्री असती म्हणं. मला तर म्हाईतच नव्हतं."

हे पंच्याण्णव सालचं. त्याच वर्षी नागपंचमीला मी गावी गेले होते. न्हाणीत आक्का माझ्या डोक्यावर पाणी घालत होती. लहानपणापासून ती सणाला माझं डोकं धुऊन द्यायची, मी बत्तीस वर्षांची झाले तरी. तांब्या अर्ध्यावर आला आणि तिनं तो खाली ठेवला.

"काय झालं गं?"

"हात वर होत न्हाई डावा."

"कधीपासून?"

तिनं न्हाणीचं दार ओढून घेतलं. मग पदर बाजूला करून चोळीची गाठ सोडली. मी हात लावून बघितलं. आवळ्याएवढी, दगडासारखी गाठ होती आणि तिच्यावरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती. काखेत आणखी एक होती, लहान.

"दोन दिवाळ्या झाल्या," ती म्हणाली. "दुखत न्हाई म्हणून राहू दिलं."

"दाजींना माहीत आहे?"

"त्याह्यला काय सांगायचं असलं."

मी दाजींना सांगितलं. लाज गुंडाळून ठेवून, गोठ्यापाशी उभी राहून सांगितलं. आयुष्यात मी त्यांच्याशी एवढं स्पष्ट एकदाच बोलले. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मग म्हणाले, "तू म्हणशील तिथं नेऊ. ह्यातलं तुला समजतं."

जालन्याच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं. तिथे आठ दिवसांत ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात कॅन्सरच्या विभागात एक डॉक्टरीण बाई होत्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. पुढे सलाइनमधून औषध द्यायचं, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं सहा वेळा, असं त्यांनी सांगितलं. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. हे औषध वेगानं वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्याही मारतं आणि हाडांच्या आत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही मारतं. म्हणून औषध दिल्यावर दहा-बारा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. त्या वेळी ताप येऊ शकतो, तोंड येऊ शकतं. मग हाडातून नव्या पेशी तयार होतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत आकडा आपोआप वर येतो. तो वर आला की पुढचा डोस.

"घरच्यांना हे तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "आम्ही सांगितलेलं त्यांना पटत नाही. तुमचं ऐकतील."

मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं. घरी येऊन सांगितलंही. पण एकदाच सांगितलं, घाईघाईत, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, आणि दाजी हो हो म्हणाले म्हणजे त्यांना कळलं असं मी धरून चालले. वर्गातल्या मुलींना मी एकच गोष्ट चार दिवस चार तऱ्हांनी सांगायची. घरच्या माणसांना एकदा सांगून मोकळी झाले.

पहिल्या डोसनंतर आक्काचे केस गेले. दुसऱ्या डोसनंतर बाराव्या दिवशी तिला ताप भरला. तोंडात एवढे फोड आले की पाणी गिळवेना. दाजींनी जीप करून तिला औरंगाबादला नेलं. मीही परतूरहून पॅसेंजरनं गेले. पांढऱ्या पेशी नऊशेवर आल्या होत्या. चार दिवस सलाइन, इंजेक्शनं. मॅडमनी पुन्हा सांगितलं की हे अपेक्षित आहे, आकडा चढेल, पुढच्या वेळी डोस थोडा कमी करू. आक्का खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोक्याला पंचा गुंडाळलेला. तिची बोटं काळी पडली होती.

चौथ्या दिवशी मी तिच्याजवळ एकटीच होते. ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "तूच शिकवती ना पोरीह्यला, त्या पांढऱ्या पेशी लढत्यात म्हणून?"

"हो."

"मंग हे डॉक्टरचं औषध त्याच मारून राह्यलं. लढायचं कुणी?"

या प्रश्नाला उत्तर होतं. माझ्या वहीत दोन पानं लिहिलेलं होतं. पण तिचा तो आवाज, ते काळे ओठ बघून मला तिच्याशी वाद घालावासा वाटला नाही. मी म्हणाले, "आता गप पड. मग बोलू."

मग आम्ही कधी बोललो नाही.

परतूरला दर गुरुवारी एक माणूस यायचा. स्टेशन रोडवरच्या लॉजमध्ये खालची खोली घेऊन बसायचा. वैद्य नव्हता, डॉक्टर नव्हता, पाटीवर नुसतं 'प्रतिकारशक्ती उपचार' असं लिहिलेलं. स्वच्छ सदरा, बारीक मिशी, बोलणं मऊ. दाजींना कुणी त्याचं नाव सांगितलं मला माहीत नाही. आक्का घरी आली त्याच्या पुढच्या गुरुवारी दाजी तिला जीपमधून घेऊन परतूरला आले आणि मला शाळेतून बोलावून घेतलं. "तू बरोबर पायजे," म्हणाले.

खोलीत भिंतीवर मोठं रंगीत चित्र होतं. पांढऱ्या पेशींना हातपाय, डोक्यावर टोप्या, खांद्यावर बंदुका. समोर लाल खेकडा, त्यावर 'कर्करोग' लिहिलेलं. त्या माणसानं आक्काची नाडी बघितली, जीभ बघितली, दवाखान्याचे कागद वरवर चाळले. मग माझ्याकडे वळला.

"बाई विज्ञानाच्या आहेत म्हणे."

"हो," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

"मग मी बोलण्यापेक्षा बाईंनीच सांगावं. बाई, पांढऱ्या पेशी कशाला असतात शरीरात?"

मी म्हणाले, "रोगाशी लढायला."

"आणि दवाखान्याच्या औषधानं त्यांचं काय होतं?"

"कमी होतात. पण..."

"किती झाल्या होत्या?"

"नऊशे."

"आणि पाहिजेत किती?"

"चार हजारांच्या वर."

"बस," तो म्हणाला. "मला आणखी काही बोलायचं नाही."

माझ्या त्या 'पण'नंतर एक वाक्य होतं. ते मला तोंडपाठ होतं. दाजी माझ्याकडे बघत होते. आक्का बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते मला पुसायचं नव्हतं. मी खोटं काहीच बोलले नव्हते. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, शहाण्या विद्यार्थिनीसारखं.

बाहेर आल्यावर मी दाजींना कसंबसं म्हणाले, "सहा डोस पुरे करावे लागतात, दाजी. मधेच सोडलं तर ते उलटतं म्हणतात."

"तुझ्याच शब्दावर नेलं मी दवाखान्यात," ते म्हणाले. रागानं नाही, थकून. "दोन डोसात काय हाल झाले बघितलं ना? मरंल ती चौथ्यापर्यंत. ह्याचंबी औषध घेऊन बघू. खर्चबी थोडा हाय."

मी मान हलवली. माझ्या शाळेचा तास होता, मी गेले.

राखेच्या रंगाची भुकटी होती. सकाळ-संध्याकाळ मधातून चाटायची. आठ दिवसांत आक्काला भूक लागली. पंधरा दिवसांत ती उठून चुलीपुढे बसली. तिला भाकरी गोड लागायला लागली. परतूरच्या लॅबमध्ये मी स्वतः तिचं रक्त तपासून घेतलं. पांढऱ्या पेशी अकरा हजार. महिन्यानं पुन्हा तपासलं, चौदा हजार. तो कागद घेऊन मी गावी गेले आणि ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवला. दाजींनी तो कागद घडी घालून देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवला.

आकडा आपोआप वर येणार होता हे मला माहीत होतं. चौदा हजार हा आकडा मात्र चढाच होता. काहीतरी दुखणं असल्याशिवाय इतका चढत नाही हेही पुस्तकात वाचलेलं होतं. आक्काचा चेहरा गोल व्हायला लागला होता, गाल भरले, मानेमागे मांस आलं. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली. मीही म्हणायची. मला बघायचं होतं तेच मी बघितलं. मॅडमच्या दवाखान्यातून बोलावण्याचं कार्ड आलं होतं, तिसऱ्या डोसची तारीख घालून. ते माझ्या पत्त्यावर आलं होतं. मी ते दाजींना दिलं आणि दाजींनी ते खिशात ठेवलं.

वर्षभरात त्या माणसानं पत्रक छापलं. त्यात आक्काचा फोटो होता, भरल्या गालांचा, आणि खाली मजकूर, की परतूरच्या एका विज्ञान शिक्षिकेच्या सख्ख्या बहिणीला गुण आला. मला कुणी विचारलं नव्हतं. दाजींना विचारलं होतं. ते पत्रक हातात घेऊन माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. शिवणकाम करायचे ते. त्यांच्या आईला गालात आतून गाठ झाली होती, तंबाखूची सवय होती. वऱ्हांड्यात उभं राहून त्यांनी विचारलं, "बाई, हे खरं हाय का?"

मी काय म्हणायला हवं होतं ते आज मला चांगलं कळतं. त्या दिवशी मी म्हणाले, "बहीण सध्या बरी आहे. पुढचं काही सांगता येत नाही."

त्यांनी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं. कुणीही तेच घेतलं असतं. पुढे त्यांची आई गेली ते मला त्या मुलीच्या सुट्टीच्या अर्जावरून कळलं. नंतर ते मला बाजारात भेटायचे तेव्हा नेहमीसारखेच हात जोडायचे, "बऱ्या हाय ना, बाई?" म्हणायचे. त्यांनी मला कधी काही बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आक्काची पाठ दुखायला लागली. आधी तिनं काम पडलं म्हणून दुखते म्हटलं. मग एक दिवस आंघोळीचं पाणी उचलताना कमरेत कट्‌ आवाज झाला आणि ती खालीच बसली. डोळे पिवळे झाले. भाची तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, "मावशी, आता कुणाला विचारू नको. मॅडमकडे चल."

मॅडमनी आक्काला तपासलं. तिच्या पोटावरून हात फिरवला, मानेमागची चरबी दाबून बघितली, दंडावरची पातळ कातडी बघितली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "हिला स्टेरॉईड कोण देतंय?"

मी भुकटीचं सांगितलं. त्यांनी पुडी मागवून घेतली, बोटावर घेऊन बघितली, आणि कचऱ्यात टाकली. रागावल्या नाहीत. अशा किती पुड्या त्यांनी बघितल्या असतील.

"असल्या भुकटीत स्टेरॉईड मिसळतात. त्यानं भूक लागते," त्या म्हणाल्या. "माणसाला बरं वाटतं. चेहरा भरतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसतात, कारण एरवी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात त्या सुटून रक्तात येतात. कागदावर आकडा छान दिसतो. प्रत्यक्षात त्या पेशी कामाला लागत नाहीत. उलट थंड पडतात."

मी मोजत बसले होते ते हे. चौदा हजार.

आजार यकृतात आणि मणक्यात गेला होता. आता औषध देऊन फारसा उपयोग नाही, दुखणं कमी करू, असं त्या म्हणाल्या. आक्काला दाखल केलं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं की ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा काप लावलेली काच मला बघायला मिळेल का. का विचारलं ते मला सांगता येणार नाही. कदाचित कुठेतरी काहीतरी खरं बघावंसं वाटलं असेल. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. तपासणीच्या खोलीत नेलं, जुन्या पेटीतून काच काढायला लावली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

मी डोळा लावला. गुलाबी आणि जांभळा रंग. वेड्यावाकड्या मोठ्या पेशींचे पुंजके. त्यांच्या भोवती गडद निळे, बारीक गोल ठिपके, इतके की मोजता येणार नाहीत.

"ते निळे?" मी विचारलं.

"पांढऱ्या पेशी. रंग दिल्यावर तशा दिसतात."

"म्हणजे पहिल्यापासून होत्या तिथे. लढत होत्या."

मॅडमनी काच जराशी सरकवली. मग म्हणाल्या, "काही लढत असतील. काही नुसत्या जमा झालेल्या असतात, काही करत नाहीत. आणि काही त्या गाठीला जखम समजतात. जखम भरायची असेल तर काय करावं लागतं? नव्या रक्तवाहिन्या आणायच्या, पेशींना वाढायला सांगायचं. तेच त्या इथे करतात. गाठ त्यांच्याकडून ते करवून घेते. ह्यांतली कोणती पेशी कोणत्या बाजूची, ते मला ह्या काचेवरून ओळखता येत नाही. अजून कुणालाच नीट येत नाही."

मी बघत राहिले. सात-आठ वर्षं मी मुलींना एक गोष्ट सांगत होते, आणि ती गोष्ट अर्धीच होती. त्या अर्ध्या गोष्टीवर माझ्या बहिणीनं विश्वास ठेवला. त्या माणसानं त्याच अर्ध्या गोष्टीवर दुकान मांडलं. आणि मी ती त्याच्या तोंडावर म्हणून दाखवली.

"पण मग औषध पुरं केलं असतं तर?" मी विचारलं.

"वाचली असती असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "काखेत गाठ गेलेली होती. पण संधी होती. बरी संधी होती."

त्यांनी हे सांगितलं नसतं तर मला चाललं असतं. पण मीच विचारलं होतं.

आक्का दिवाळीनंतर गेली, गावी, दुपारी, उन्हं अंगणात असताना. शेवटचे आठ दिवस ती गुंगीतच होती. त्याआधी एकदा तिनं मला जवळ बसवून विचारलं, "त्या पेशी वाढल्या होत्या ना गं? चौदा हजार?"

मी "हो" म्हणाले.

"मंग कसं काय झालं?"

मी तिच्या पायाला तेल चोळत होते. चोळत राहिले. ती वाट बघून झोपली.

दहाव्याच्या दिवशी दाजी चार माणसांत म्हणाले, "त्या दोन डोसांनीच खाल्लं तिला. आधीच त्या माणसाकडं नेलं असतं तर आज असती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच बसले होते. त्या माणसावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास राहिला. दीड वर्ष त्यानं तिला चांगलं जगवलं, असं ते आजही सांगतात, आणि त्या दीड वर्षात तिनं हसून खाल्लेली भाकरी त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. त्यांना खोटं कसं म्हणायचं? आणि त्यांना खरं सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं, की तुम्ही जिला एवढा जीव लावला तिला तुम्हीच औषधापासून तोडलं, आणि मी बाजूला उभी राहून बघितलं. ते मला जमलं नाही. अजून जमत नाही.

मी एक अर्ज केला. त्या माणसाविरुद्ध, सगळा मजकूर लिहून. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, पुडी लागेल, पावती लागेल आणि नवऱ्याचा जबाब लागेल. पुडी कचऱ्यात गेली होती. पावती त्यानं कधी दिलीच नव्हती. दाजींकडे मी कागद घेऊन गेले. ते म्हणाले, "त्या माणसानं आपलं काय वाईट केलं?" मी कागद परत आणला. त्या माणसाचं पुढे काहीही झालं नाही. दोन-तीन वर्षं तो दर गुरुवारी येत राहिला, मग यायचा बंद झाला. दुसरीकडे जात असेल.

नववीचा धडा मी पुढेही शिकवत राहिले. पहिल्या वर्षी मी मुलींना सांगून बघितलं की पांढऱ्या पेशी नेहमीच आपल्या बाजूनं नसतात, कधी त्या चुकतात, कधी शत्रूलाच मदत करतात. मुलींनी वहीत लिहून घेतलं. सहामाहीला एकीनं तसंच उत्तर लिहिलं. पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या बाईंनी त्याला फुली मारली, पुस्तकात तसं नाही म्हणून. मुलगी रडत माझ्याकडे आली. त्यानंतर मी पुस्तकातलंच शिकवलं.

अलीकडे वर्तमानपत्रात येतं की ह्याच पेशींना हाताशी धरून कॅन्सरवर नवी औषधं शोधताहेत. काही निघालीही आहेत म्हणे, मोठ्या शहरांत मिळतात. मी ते वाचते आणि रद्दीत टाकते. खरं असेल. मला त्यावर रागावण्याचं काही कारण नाही, तरी राग येतो.

भाचीचं लग्न लवकर झालं. आई नाही म्हणून दाजींनी बी.ए.च्या पहिल्या वर्षीच उरकलं. तिला शिकायचं होतं. माझ्यासाठी ओसरीवर बसून भांडलेला माणूस स्वतःच्या मुलीसाठी भांडला नाही. "आता कुणावर टाकू तिला?" म्हणाले. मी होते. मला त्यांनी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन म्हटलं नाही.

ती जालन्याला असते. दोन हजार चार साली एका सकाळी ती एकटीच परतूरला माझ्या दारात उभी राहिली. छातीत गाठ लागत होती. नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं. मी शाळेत रजेचा निरोप पाठवला आणि मिळाली त्या गाडीनं आम्ही औरंगाबादला गेलो. मॅडम आता विभागाच्या मोठ्या झाल्या होत्या, केस पांढरे. त्यांनी मला ओळखलं. सुई घालून तपासलं, दोन दिवसांनी या म्हणाल्या. ते दोन दिवस आम्ही एका ओळखीच्या घरी काढले.

साधी गाठ निघाली. तरुण बायकांना होते तशी, काढलीही नाही तर चालते. मॅडम म्हणाल्या, दरवर्षी येऊन दाखवत जा.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी चहा आणला. तिनं कप हातात धरला आणि प्यायली नाही.

"मावशी, एक विचारू?"

"विचार."

"तुला तेव्हा म्हाईत होतं ना? डोस सोडायचा नसतो म्हणून?"

"होतं."

"आणि चौदा हजाराचं?"

"शंका होती."

तिनं मान हलवली. तिचा चेहरा तसाच राहिला. "मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. "आईला मीच म्हटलं होतं, त्या पेशी वाढल्या म्हणजे तू बरी होशील. मावशीनं शिकवलंय म्हटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मीच चुकले."

"तुझी चूक नव्हती. माझी होती."

"हां," ती म्हणाली. "तेच तुझ्या तोंडून ऐकायला आल्ते."

गाडी आली. तिनं डब्यात खिडकीजवळ जागा धरली, मी समोर बसले. जालना येईपर्यंत ती बाहेर बघत होती. उतरताना मी तिची पिशवी हातात दिली. ती "येते" म्हणाली आणि गर्दीतून चालायला लागली. दरवर्षी ती तपासायला जाते, मॅडमकडून कळतं. माझ्याकडे येत नाही. आणि मीही तिला बोलवत नाही.